धुऊन पुन्हा वापरलेला ऑपरेशनचा गाऊन सुरक्षित असतो का?

शस्त्रक्रियेचे बिल हातात पडले की भूल, औषधे आणि ओटी (शस्त्रक्रियागृह) चार्जेस यांच्या खाली ‘डिस्पोजेबल गाऊन’, ‘ड्रेप किट’ अशा ओळी दिसतात, आणि एकदाच वापरून फेकायच्या कपड्यांचे पैसे आपण का भरायचे, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. याच्या नेमका उलटा प्रश्नही पुण्यात तितकाच ऐकू येतो. बिलात अशी ओळ नसली आणि ओटीच्या दारातून हिरव्या-निळ्या गाऊनचे गाठोडे धुण्यासाठी बाहेर जाताना दिसले, की कालच्या रुग्णाच्या रक्ताने भिजलेले कापडच आज आपल्या माणसाच्या पोटावर अंथरणार का, ही शंका मनात येते. २०२० मध्ये पीपीई किट हा शब्द घराघरात पोहोचला, तेव्हापासून ही शंका अधिकच बळावली आहे. कागदासारखे दिसणारे आणि वापरून फेकायचे ते सुरक्षित, तर धुऊन वापरायचे ते केवळ काटकसरीचे, असा समज सर्वदूर झाला आहे.

या समजात थोडे तथ्य आहे, कारण जुने हिरवे सुती कापड खरोखरच पुरेसे संरक्षण देत नाही. परंतु आज मिळणारे, विणलेले आणि अनेकदा धुता येणारे रोधक कापड ही त्या सुती कापडाहून पूर्णपणे निराळी वस्तू आहे. द्रव आणि त्यासोबत येणारे जंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊ देत नाही ते रोधक कापड, एवढा अर्थ लक्षात ठेवला तरी पुढचे समजण्यास पुरेसे आहे. असे कापड एकदाच वापरायच्या गाऊनइतके, काही बाबतींत त्याहून अधिक भरवशाचे ठरू शकते. मात्र ते धुणारी, तपासणारी आणि वेळेवर बाद करणारी व्यवस्था त्या कापडाइतकीच चोख असावी लागते, आणि माझ्या मते आपल्याकडे खरी उणीव तिथेच आहे.

गाऊन आणि ड्रेप कोणाला कोणापासून वाचवतात?

सर्जन, त्यांचे असिस्टंट आणि सिस्टर अंगात घालतात तो गाऊन, तर रुग्णाच्या शरीरावर, छेद घ्यायची जागा तेवढी उघडी ठेवून, अंथरतात तो ड्रेप. मधोमध भोक असलेल्या लहान ड्रेपला आपल्याकडच्या ओटीत सर्रास ‘होल टॉवेल’ म्हटले जाते.

हे कापड दोन्ही दिशांनी काम करते. माणसाच्या त्वचेवरून मृत पेशींचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. एका व्यक्तीच्या अंगावरून दिवसाला साधारण एक कोटी कण गळतात असा अंदाज दिला जातो, आणि त्यांतील काही कणांवर जिवंत जंतू असतात. सर्जनने हात कोपरापर्यंत कितीही घासले तरी त्यांची छाती, काखा आणि दंड निर्जंतुक होत नाहीत. हे जंतू जखमेत पडू नयेत यासाठी गाऊन हवा. रुग्णाचे रक्त डॉक्टरांच्या अंगापर्यंत पोहोचले, तर त्यातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीचा धोका संभवतो, म्हणूनही तो हवा. ड्रेपचे काम थोडे वेगळे आहे. छेदाची जागा जंतुनाशकाने पुसलेली असते, पण आजूबाजूचे शरीर तितके स्वच्छ नसते, आणि तिथले जंतू जखमेकडे येऊ नयेत हे ड्रेपने पाहायचे असते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट समजून घ्यावी लागते. जंतूंना पाय नसतात. कोरड्या कापडातून ते आपणहून पलीकडे जात नाहीत, त्यांना वाहून नेणारे काहीतरी लागते. कोरड्या अवस्थेत त्वचेचे गळलेले कण त्यांना नेतात आणि ओल्या अवस्थेत रक्त, घाम किंवा जखम धुण्यासाठी वापरलेले सलाइन नेते. त्यामुळे कापडाची परीक्षा खऱ्या अर्थाने होते ती ते ओले झाल्यावर.

सुती कापड ओले झाले की काय होते?

ओटीत अनेक दशके वापरले गेलेले सुती मलमल साधारणपणे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून १४० धाग्यांचे असे. ते मऊ असते, हवा खेळती ठेवते, उकळत्या पाण्यात आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टिकते. पण कापसाच्या तंतूला पाण्याची ओढ असते. रक्ताचा थेंब पडला की तो धाग्याधाग्यातून पसरत जातो आणि काही क्षणांत पलीकडची बाजू ओली होते. अशी ओल आरपार पोहोचली की दोन्ही बाजूंना जोडणारा द्रवाचा अखंड पूल तयार होतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. अमेरिकेतील विल्यम बेक आणि कोलेट यांनी १९५२ मध्येच हे दाखवून दिले आणि सर्जनच्या गाऊनवर ठेवलेला विश्वास चुकीचा आहे असे स्पष्ट शब्दांत लिहिले. ब्रिटनमध्ये सांधेरोपणाची शस्त्रक्रिया विकसित करणारे सर जॉन चार्नली यांनाही पुढे हाच प्रश्न भेडसावला, कारण कृत्रिम सांध्याभोवती झालेला संसर्ग अत्यंत चिवट असतो.

दोन पदरी कापड घेतले तर? वेळ थोडा वाढतो, पण पदर एकमेकांना चिकटून भिजले की परिणाम तोच. तरीही आपल्याकडच्या कित्येक ओटींमध्ये आजही हेच हिरवे सुती कापड दोन पदरी शिवून वापरले जाते. छोट्या, फारसे रक्त न जाणाऱ्या प्रक्रियेत त्याने भागत असेल, परंतु सिझेरियन किंवा मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत त्यावर विसंबणे योग्य नाही.

भोके असलेले कापड पाणी कसे अडवते?

याचे उत्तर पुणेकरांच्या हातात दर पावसाळ्यात असते. छत्रीचे कापड विणलेले असते, उजेडासमोर धरले तर बारीक भोके दिसतात, तरीही पाऊस आत येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, ज्यामुळे थेंब गोल राहू पाहतो. धाग्याला पाण्याची ओढ नसेल आणि भोक पुरेसे लहान असेल, तर थेंब त्या भोकाच्या तोंडाशी फुगून बसतो, आत शिरत नाही. त्याला आत ढकलायला दाब लागतो. भोक जितके लहान, तितका दाब जास्त, आणि भोकाचा व्यास निम्मा केला की लागणारा दाब दुप्पट होतो.

छत्रीच्या बाबतीतले आणखी दोन अनुभव इथे जसेच्या तसे लागू पडतात. आतून कापडाला बोट टेकवले की नेमक्या त्याच जागी गळती सुरू होते, आणि ओटीत सर्जनचे कोपर किंवा पोट रुग्णाच्या ओल्या ड्रेपवर टेकते तेव्हा हेच घडते. दुसरे असे की चार पावसाळे काढलेल्या छत्रीवर थेंब गोल राहत नाही, कापड सरळ भिजते. भोके पूर्वीइतकीच असतात, पण धाग्यांवरची पाणी झटकणारी प्रक्रिया उतरलेली असते.

रक्ताच्या बाबतीत काम अधिक अवघड होते, कारण रक्ताचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे, तर गाऊनची चाचणी घेताना वापरायचे कृत्रिम रक्त मुद्दाम ४२ च्या आसपास ठेवतात. द्रवरोधक प्रक्रिया केलेल्या कापडात २० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके भोक असेल, तर अशा द्रवाला त्यातून ढकलायला साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागेल. भोक १० मायक्रॉनचे असेल तर हा आकडा ६० सेंटिमीटरवर जातो.

आता एक विरोधाभास वाटेल अशी बाब. पू करणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू जेमतेम एक मायक्रॉनचा असतो. मग १० मायक्रॉनच्या भोकातून तो सहज जाईल की! कापडाने जंतूला आकारावरून अडवायचे ठरवले असते तर तो नक्कीच गेला असता. कापड अडवते ते जंतूला वाहून नेणाऱ्या द्रवाला, आणि त्वचेच्या त्या कणांना, जे बहुधा दहा-वीस मायक्रॉनच्या आसपास असतात. वाहनच थांबले की जंतू तिथेच थांबतो.

असे कापड विणतात कसे?

पहिली मोठी पायरी दुसऱ्या महायुद्धात गाठली गेली, आणि तीही रुग्णालयासाठी नव्हे. थंड समुद्रात पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांचा जीव वाचवायला मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने लांब तंतूंच्या कापसाचे व्हेंटाइल नावाचे अतिशय घट्ट कापड तयार केले. ते भिजले की तंतू फुगतात आणि भोके आपोआप बंद होतात. पुढे हेच कापड ब्रिटनमधील शस्त्रक्रियागृहांत गाऊनसाठी वापरात आले. अमेरिकेत पिमा जातीच्या लांब तंतूच्या कापसाचे चौरस इंचात सुमारे २८० धागे असलेले कापड विणून त्यावर सैन्याच्या रेनकोटसाठी शोधलेली क्वार्पेल ही द्रवरोधक प्रक्रिया करण्यात आली. ही कापडे मलमलीपेक्षा कितीतरी सरस होती, पण त्यांतून कापसाचे बारीक तंतू सुटत राहत आणि धुण्यागणिक रोध घटत जाई. सुटलेला तंतू जखमेत राहिला तर त्याभोवती गाठ धरू शकते, म्हणून सर्जनना तंतू सोडणारे कापड नकोच असते.

आजचे कापड पॉलिएस्टरच्या अखंड सूक्ष्मतंतूंचे असते. एका धाग्यात शंभरच्या घरात किंवा त्याहून अधिक तंतू असतात आणि प्रत्येक तंतू साधारण १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. तंतू अखंड असल्यामुळे धाग्यातून तुकडे सुटत नाहीत, आणि बारीक असल्यामुळे ते एकमेकांना खेटून बसतात. विणून झाल्यावर कापड तापलेल्या रुळांमधून दाबून काढतात, म्हणजे धागे चपटे होऊन उरलेल्या फटी आणखी मिटतात. त्यानंतर द्रव झटकणारी रासायनिक प्रक्रिया उष्णतेने पक्की करतात.

असे कापड हातात घेऊन पाहिले तर ते शर्टाच्या कापडापेक्षा किंचित सुळसुळीत आणि वजनाला हलके लागते. उजेडासमोर धरले की ठरावीक अंतरावर बारीक काळ्या रेघा दिसतात. अनेकांना ती नक्षी वाटते, पण ते विणतानाच घातलेले कार्बनयुक्त धागे असतात. पॉलिएस्टरमध्ये घर्षणाने विद्युतभार साचतो, त्याकडे धूळ आणि कण ओढले जातात, आणि तो भार निघून जावा यासाठी ही वाट ठेवलेली असते. नळाखाली बोट ओले करून नव्या कापडावर एक थेंब सोडला तर तो पसरत नाही. कापड कलंडवले की घरंगळतो आणि मागे ओला डाग राहत नाही.

केवळ विणकाम पुरेसे आहे का?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. कितीही घट्ट विणले तरी भोके उरतातच, आणि जोराने दाब पडला की द्रव त्यांतून जातो. पूर्ण वजन देऊन कोपर टेकले, तर त्या जागी क्षणभर निर्माण होणारा दाब मीटरभर पाण्याच्या दाबाहून सहज अधिक भरू शकतो.

म्हणून गाऊनच्या श्रेणी ठरवल्या गेल्या. अमेरिकी मानकानुसार पहिल्या श्रेणीला फक्त अंगावर उडणारे पाणी मर्यादेत अडवावे लागते. दुसऱ्या श्रेणीत त्याशिवाय २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाचा, तर तिसऱ्या श्रेणीत ५० सेंटिमीटरचा दाब सोसावा लागतो. चौथ्या श्रेणीची कसोटी सर्वांत कडक आहे. त्यात फाय-एक्स-१७४ नावाचा विषाणू मिसळलेला द्रव कापडाच्या एका बाजूला ठेवतात आणि एक मिनिट १३.८ किलोपास्कल, म्हणजे सुमारे १४० सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतात. पलीकडे एकही विषाणू सापडता कामा नये. हा विषाणू माणसाला अपाय करत नाही, फक्त ई-कोलाय जंतूला लागतो, आणि त्याचा आकार सुमारे २७ नॅनोमीटर म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूपेक्षाही लहान असतो. युरोपीय मानक ईएन १३७९५ मध्ये उच्च दर्जाच्या गाऊनच्या मोक्याच्या भागाला १०० सेंटिमीटर दाब सोसावा लागतो. भारतीय मानक ब्युरोनेही गाऊन आणि ड्रेपसाठी आयएस १७३३४ हे मानक केले आहे.

साधे विणलेले कापड चौथी श्रेणी गाठू शकत नाही. तिथे दोन विणलेल्या पदरांच्या मध्ये पाण्याची वाफ जाऊ देणारे पण द्रव अडवणारे अतिशय पातळ पटल चिकटवतात. असा गाऊनही धुऊन वापरता येतो. सगळा गाऊन असा केला तर अंगात उकडते, म्हणून छातीपासून खालचा पुढचा भाग आणि कोपराच्या वरपर्यंत बाह्या पटलाच्या, आणि पाठ साध्या विणलेल्या कापडाची, अशी रचना करतात. गाऊन घातलेल्या सर्जनची पाठ ओटीत तशीही निर्जंतुक मानली जात नाही.

धुतल्यावर जंतू उरत नाहीत हे कशावरून?

ही शंका सर्वांत स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की जंतू मारण्याचे काम एकट्या धुण्यावर सोडलेले नसते. रुग्णालयाच्या लाँड्रीत अमेरिकी पद्धतीप्रमाणे किमान ७१ अंश सेल्सियसच्या पाण्यात २५ मिनिटे धुण्याचा दंडक आहे, ज्याने बहुतेक जंतू मरतात आणि रक्ताचे, प्रथिनांचे अंश निघून जातात. त्यानंतर गाऊन घडी घालून, वेष्टनात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये जातो. तिथे कापडाच्या गाठोड्याला १२१ अंशांच्या वाफेत साधारण ३० मिनिटे, किंवा आधी हवा काढून घेणाऱ्या यंत्रात १३२ अंशांना ४ मिनिटे ठेवतात. या वाफेपुढे हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचे विषाणू टिकत नाहीत, आणि जंतूंचे अतिशय चिवट बीजाणूही मरतात. गाठोड्यावरच्या पट्टीवर वाफेनंतर काळ्या रेषा उमटतात, त्या ते गाठोडे ऑटोक्लेव्हमधून गेल्याची खूण असतात. आतपर्यंत वाफ पोहोचली का, हे पाहायला गाठोड्याच्या पोटात वेगळी निदर्शक पट्टी ठेवतात.

शस्त्रक्रियेचे चिमटे, कात्र्या आणि टाके घालायची हत्यारेही हजारो रुग्णांसाठी याच वाफेवर विसंबून पुन्हा वापरली जातात, हे इथे ध्यानात घ्यावे. याला एक खरा अपवाद आहे. मेंदूच्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब या अत्यंत दुर्मीळ आजाराचा संशय असेल तर त्याला कारणीभूत प्रथिन नेहमीच्या वाफेला दाद देत नाही, त्यामुळे अशा रुग्णासाठी एकदाच वापरायचे कापड घेऊन ते जाळावे लागते.

धुऊन धुऊन कापडाचा रोध जाणार नाही का?

जातो. पुन्हा वापरायच्या कापडाबाबत सर्वाधिक गांभीर्याने विचारावा असा प्रश्न हाच आहे, आणि इथेच चांगले कापड वाईट व्यवस्थेत वाया जाते.

चांगले पॉलिएस्टर गाऊन साधारणपणे ७५ वेळा धुऊन-वाफवून वापरता येतील असे बनवलेले असतात. मर्यादा उत्पादक ठरवतो आणि ती चाचण्यांनी सिद्ध करायची असते. किती वेळा धुतले याचा हिशेब ठेवण्यासाठी गाऊनच्या आतल्या कडेला चौकटींचा तक्ता छापलेला असतो आणि प्रत्येक खेपेला एक चौकट खुणेने भरतात, किंवा बारकोड वा शिवलेली चिप वाचतात. हा तक्ता कोरा असलेला, पण रंग विटलेला गाऊन दिसला तर त्या रुग्णालयात हिशेब ठेवला जात नाही असे समजायला हरकत नाही.

धुण्यातल्या चुका वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. कपडे मऊ करणारे सॉफ्टनर घरात चालते, पण इथे ते घातक आहे, कारण ते तंतूंवर थर करून राहते आणि द्रवाला कापडाची ओढ निर्माण करते. साबणाचा अंश नीट खळबळून न काढल्यास हेच होते. क्लोरीनचे ब्लीच द्रवरोधक प्रक्रिया खाऊन टाकते. क्षारयुक्त पाण्याचा थर बसला तरी थेंब गोल राहत नाही, आणि पुण्याच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. खडकवासल्यातून येणारे नळाचे पाणी तुलनेने मृदू आहे, परंतु शहराच्या कडेने वाढलेल्या भागांत बोअरवेल आणि टँकरवर भागवावे लागते. तिथल्या लाँड्रीने पाणी मृदू करण्याची सोय केली नसेल तर महागाचे रोधक कापड लवकरच साधे कापड होईल.

वाळवणे हा त्याहून दुर्लक्षित भाग. धुण्यात द्रवरोधक प्रक्रियेचे रेणू विस्कटतात, आणि त्यांना पुन्हा मूळ ठेवणीत आणायला उष्णता लागते. म्हणून हे कापड गरम हवेच्या ड्रायरमध्ये वाळवावे किंवा योग्य तापमानाला इस्त्री करावी, असे उत्पादक सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या नर्सिंग होमच्या गच्चीवर, पत्र्याखाली दोरीवर दोन-दोन दिवस दमट हवेत लोंबणाऱ्या गाऊनला ही उष्णता मिळत नाही. तो वाळतो, स्वच्छ दिसतो, ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुकही होतो, पण रोधक राहिला की नाही हे कोणी तपासत नाही. गाऊन निर्जंतुक असणे आणि रोधक असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि वाफेची पट्टी फक्त पहिलीची ग्वाही देते.

यासाठी प्रत्येक खेपेनंतर गाऊन खालून प्रकाश असलेल्या काचेच्या टेबलावर पसरून पाहायचा असतो. टॉवेल क्लिपने, म्हणजे ड्रेप जागेवर धरून ठेवणाऱ्या टोकदार चिमट्याने, पडलेले सुईएवढे भोकही त्यावर ठिपक्यासारखे चमकते. ते सुईदोऱ्याने शिवायचे नसते, कारण प्रत्येक टाका म्हणजे आणखी दोन भोके. त्याच कापडाचे ठिगळ उष्णतेने दोन्ही बाजूंनी चिकटवतात, आणि मोक्याच्या भागात ठिगळे ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त झाली की गाऊन बाद करतात. काम साधे आहे, पण त्याला वेळ, उजेड आणि शिकवलेला माणूस लागतो. आपल्याकडे हे काम बहुतेकदा इतर दहा कामे सांभाळणाऱ्या मावशींवर किंवा वॉर्डातल्या मामांवर सोपवलेले असते आणि त्यांना ना टेबल दिलेले असते ना प्रशिक्षण. चूक त्यांची नव्हे.

मग एकदाच वापरायचे गाऊन घेतले तर झंझटच नाही, नाही का?

एकदाच वापरायचे बहुतेक गाऊन पॉलिप्रॉपिलीनचे, न विणलेले असतात. बाहेरच्या दोन पदरांत बळकटीसाठी जाड तंतू आणि मधल्या पदरात काही मायक्रॉनचे अतिशय बारीक तंतू, अशी त्यांची रचना असते. चांगल्या प्रतीचा असा गाऊन उत्तम रोध देतो, हे निर्विवाद आहे. ज्या रुग्णालयात धुण्याची आणि तपासण्याची खात्रीशीर सोय नाही त्याने तोच घ्यावा, असेच मी म्हणेन.

पण एकदाच वापरायचा म्हणून तो आपोआप चांगला ठरत नाही. अतिशय पातळ, तिसऱ्या श्रेणीच्या जवळपासही न जाणारे गाऊन त्याच नावाने विकले जातात आणि बिलावर दोन्हींची ओळ सारखीच दिसते. २०२० च्या जानेवारीत, कोरोनाची साथ पसरण्याआधीच, अमेरिकेत उत्पादनस्थळाच्या अस्वच्छतेमुळे ९० लाखांहून अधिक सर्जिकल गाऊन परत मागवावे लागले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच जगभर अशा कपड्यांचा तुटवडा पडला, आणि धुऊन वापरायचा साठा असलेल्या रुग्णालयांना त्याची किंमत कळली.

संसर्गाच्या दृष्टीने दोन्हींत फरक पडतो का? शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात निर्जंतुक केलेले एकदाच वापरायचे न विणलेले कापड किंवा निर्जंतुक केलेले पुन्हा वापरायचे विणलेले कापड, यांपैकी कोणतेही चालेल असे म्हटले आहे. म्हणजे निवड खर्च, सोय आणि कचरा यांवर करायला वाव आहे.

कचऱ्याचा मुद्दा मोठा आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्त लागलेले कापड पिवळ्या पिशवीत जाते, आणि २०१८ च्या दुरुस्तीने वापरलेले गाऊन व मास्कही त्याच वर्गात घातले. पिवळी पिशवी म्हणजे शेवटी भट्टी. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर तीन-चार गाऊन आणि ड्रेपचा ढीग जाळायचा, तेही खनिज तेलापासून बनवलेले प्लास्टिक. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गाऊनच्या निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडणाऱ्या एका अभ्यासानुसार पुन्हा वापरायच्या गाऊनमुळे ऊर्जेचा वापर ६४ टक्के, हरितगृह वायू ६६ टक्के आणि घनकचरा ८४ टक्के कमी होतो. धुण्यात पाणी जास्त जात असेल असे वाटते, पण निर्मितीचे पाणी धरल्यावर त्यातही ८३ टक्के बचत निघाली. आपल्याकडची वीज कोळशावर अधिक अवलंबून असल्याने हे आकडे पुण्याला तंतोतंत लागू होणार नाहीत, तरी फरकाची दिशा बदलण्याचे कारण दिसत नाही.

द्रवरोधक रसायनाचे काय?

पर्यावरणाच्या बाजूने पुन्हा वापरायच्या कापडाला विचारावा असा एक आक्षेप उरतो. रक्त आणि स्पिरिट दोन्ही झटकणारी प्रक्रिया पारंपरिकपणे फ्लोरिनयुक्त रसायनांची असते. ही रसायने निसर्गात विघटित होत नाहीत, आणि त्यांच्यातील पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विघटणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत घालण्यात आले. फ्लोरिनविरहित प्रक्रिया उपलब्ध आहेत, त्या पाणी चांगले अडवतात, परंतु तेलकट द्रव आणि अल्कोहोल यांपुढे कमी पडतात. मध्ये पटल असलेल्या गाऊनमध्ये मुख्य रोध पटलाकडून मिळतो, त्यामुळे तिथे फ्लोरिन सोडणे तुलनेने सोपे आहे. साध्या विणलेल्या कापडात हा तिढा अजून पूर्ण सुटलेला नाही. एकदाच वापरायच्या गाऊनवरही अनेकदा स्पिरिट झटकण्यासाठी अशीच प्रक्रिया केलेली असते, हेही सांगायला हवे.

पुण्यातल्या लहान नर्सिंग होमला हे परवडेल का?

मोठ्या रुग्णालयाकडे स्वतःची लाँड्री आणि सीएसएसडी, म्हणजे मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग असतो. पेठांत आणि उपनगरांत विखुरलेल्या दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होमला ड्रायर, मृदू पाणी, प्रकाशाचे टेबल आणि प्रशिक्षित माणूस हे सारे एकट्याने उभे करणे जड आहे. गाऊनची किंमत ७५ ने भागून हिशेब स्वस्त दिसतो, पण त्यात धुलाई, वाफ, तपासणी आणि गहाळ होणारे गाऊन मिळवावे लागतात. विसाव्या खेपेला हरवलेल्या गाऊनची खेपेमागची किंमत जवळपास चौपट होते.

त्यामुळे अनेक नर्सिंग होमनी मिळून एक सामायिक केंद्र चालवणे हाच मार्ग मला व्यवहार्य दिसतो. तिथे मळके कपडे भिंतीच्या एका बाजूने यंत्रात जातात आणि धुतलेले दुसऱ्या बाजूने निघतात, त्यामुळे दोन्हींची भेटच होत नाही. वापरलेल्या खेपा मोजून, तपासून, निर्जंतुक गाठोडी दररोज पोहोचवायची. जैववैद्यकीय कचरा आपली रुग्णालये गेली कित्येक वर्षे अशाच सामायिक केंद्राकडे सोपवत आली आहेत, तेव्हा सवय नवी नाही. विणकामही फार दूर नाही. इचलकरंजीत हजारो माग आहेत, तिथल्या डीकेटीई संस्थेत न विणलेल्या कापडांसाठी उत्कृष्टता केंद्र आहे, आणि केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले, ज्यात वैद्यकीय कापड येते. सूक्ष्मतंतूंचे घट्ट कापड विणायला बिनधोट्याचे आधुनिक माग आणि धूळविरहित प्रक्रिया लागते, ती गुंतवणूक मागणी दिसल्याशिवाय कोणी करणार नाही. मागणी रुग्णालयांनीच निर्माण करायची आहे.

रुग्णाच्या नातेवाइकांना यात करता येण्याजोगे एवढेच. शस्त्रक्रिया ठरवताना कापडी गाऊन वापरणार असे कळले, तर घाबरून डिस्पोजेबल किटचा हट्ट धरण्याआधी कापड सुती आहे की रोधक, कोणत्या श्रेणीचे आहे, आणि ते किती वेळा धुतल्यावर बाद करतात, हे सिस्टर इन-चार्जना विचारावे. ज्या ठिकाणी हे काम नीट होते तिथे सिस्टर गाऊनची कड उलटून चौकटींचा तक्ता दाखवू शकतात. डिस्पोजेबल किटचे पैसे लावले असतील, तर त्याच्या वेष्टनावर श्रेणी किंवा मानकाचा क्रमांक छापलेला आहे का, हे पाहण्याचाही आपल्याला तितकाच हक्क आहे.